नंदाची पाठवणी

आमच्या ह्यांची एक सवय होती. उद्याचा धडा आज मला मराठीत सांगायचे. मी कणीक मळत असायची आणि हे फ्रिजला टेकून उभे. "सुलक्षणाला कळलं तर सिक्स्थ फॉर्मच्या मोठ्या मुलांना कळेलच," असं वर म्हणायचे. म्हणजे मी काय इतकी मठ्ठ? पण खरं सांगते, इंग्लंडात लेस्टरच्या त्या कॉम्प्रिहेन्सिव्ह शाळेत शशिकांत सरांसारखा इतिहास शिकवणारा दुसरा नव्हता. माणूस सज्जन, फक्त भांडण तेवढं सोसायचं नाही. दोन माणसं चढ्या आवाजात बोलायला लागली की हे मध्ये शिरणार, "थोडं तुम्ही सोडा, थोडं तुम्ही सोडा."

१९८७च्या हिवाळ्यात आमच्या स्वयंपाकघरात अमेरिकेचं यादवी युद्ध पेटायच्या बेतात होतं. उत्तरेत गुलामगिरी बंद, दक्षिणेत चालू, आणि दर नव्या राज्यावरून जुंपायची की इथे गुलाम चालणार का नाही. मग तडजोड. काही वर्षांनी पुन्हा जुंपायची, पुन्हा तडजोड. ह्यांना तो भाग फार आवडायचा. "अहो, पण ज्याला विकतात त्याला कुणी विचारलं का?" मी म्हटलं. "तो प्रश्न पेपरात येत नाही," हे हसून म्हणाले.

नंदा लेस्टरलगतच्या ओडबीला डॉक्टर श्रीनिवासांकडे होती. डॉक्टर आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. नवऱ्यानं टाकलेल्या नंदाला त्यांनी आणि सुप्रभावहिनींनी कराडहून घरकामाला आणलं, त्याला चार वर्षं झाली होती. मंडळाचा कार्यक्रम असला की ती किचनमध्ये. "घरच्यासारखीच आहे हो," वहिनी म्हणायच्या. पासपोर्ट? "आम्ही सांभाळून ठेवलाय." सुट्टी? "तिला इथे कुठे जायचंय?" आम्ही सगळे माना डोलवायचो. मीसुद्धा.

फेब्रुवारीत शाळेच्या हाफ-टर्मच्या सुट्टीत, मंगळवारी भर दुपारी बेल वाजली. दारात नंदा. बर्फातून, घरातल्या सपाता घालून, ओडबीहून चालत आलेली.

"ताई, मला परत पाठवू नका. कारखान्यात शिवणकाम करीन, काहीही करीन."

पाय गरम पाण्यात ठेवले तेव्हा कुठे बोलायला लागली. तिची आई ऑक्टोबरातच गेली होती. शेजारणीनं लिहवून घेतलेलं पत्र वेळेवर आलं होतं. पण दिवाळी तोंडावर, मंडळाच्या ऐंशी माणसांचा फराळ नंदाच्या अंगावर. तिला सुतक लागलं तर चकल्या कोण तळणार? वहिनींनी पत्र दडवलं. आता कपाट आवरताना ते तिच्या हाती लागलं. विचारलं तर म्हणाल्या, "सांगून काय आई परत येणार होती?"

त्या चकल्या मी दोनदा मागून घेतल्या होत्या. शी!

तिला वरणभात वाढला, तेवढ्यात हॉलमधून ह्यांचा आवाज आला. फोनवर. डॉक्टरांशी!

"अहो, काय करताय काय?" मी धावले.

ह्यांनी रिसीव्हरवर हात ठेवला. "तिचा व्हिसा त्यांच्या नावावर आहे, सुलू. त्यांचं घर सोडलं की ती बेकायदा. लपवली तर आपल्यालाही कोर्ट." मग पुन्हा फोनवर, हळू आवाजात, थोडं तुम्ही सोडा. डॉक्टरांनी शब्द दिला. पासपोर्ट नंदाच्या हातात देणार, रविवारी सुट्टी देणार. हे घामाघूम, पण खूश. तडजोड झाली होती.

आणि मी काय केलं? दहा मिनिटं ह्यांच्यावर तोंडाचा पट्टा सोडला, आणि मग तिची ओटी भरली. लेक माहेरी रुसून आली की चार गोष्टी समजावून परत नांदायला पाठवायची, एवढंच हातांना माहीत होतं. तांदूळ, नारळ, खण. अगं बाई, ते काय तिचं सासर होतं?

गाडीत बसताना तिनं विचारलं, "सर, नक्की ना?"

"नक्की," हे म्हणाले.

पुढच्या सोमवारचा धडा अठराशे पन्नासच्या कायद्याचा होता. "पळून आलेल्या गुलामाला पकडून मालकाला परत द्यायचं," हे सांगत होते. "उत्तरेतल्या साध्या माणसांनीही मदत करायची. लपवलं तर सहा महिने तुरुंग. तोवर ते म्हणत होते, तिकडचं तिकडे. आता ते त्यांच्या दारात आलं. कुणी दार उघडलं, कुणी..."

हे थांबले.

"कुणी फोन केला," मी म्हटलं.

फ्रिजकडे तोंड करून माणूस ढसाढसा रडला. मी पाणीसुद्धा दिलं नाही.

मार्चमधल्या मंडळाच्या सभेत हे जन्मात पहिल्यांदा उभे राहून सगळं बोलले. डॉक्टर म्हणाले, "आमच्या घरातलं आम्ही बघू." मग काय विचारता! खुर्च्या सरकल्या, मैत्रिणी एकमेकींना वाट्टेल ते बोलल्या, मीही काही ठेवलं नाही. अमेरिकेत म्हणे आधी चर्चं फुटली, मग पक्ष, मग देश. आमचं मंडळ फुटलं, आणि एका शहरात दोन पाडवे झाले. एवढ्या गदारोळात नंदाला भेटायला गेलं कोण? कुणीही नाही. तिच्या नावानं आम्ही भांडत होतो आणि ती तिथे इस्त्री करत होती.

एप्रिलमध्ये, डॉक्टर हॉस्पिटलात ड्यूटीवर आणि वहिनी लीड्सला गेल्यात असं कळलं, तेव्हा आम्ही गेलो. दार नंदानंच उघडलं. निम्मी झाली होती. पासपोर्ट मिळाला का विचारलं, तर नुसती नकाराची मान हलवली.

ह्यांनी हात जोडले. "नंदा, चल. गाडी बाहेरच आहे. कोर्टात उभं राहावं लागलं तरी राहीन. या वेळी कुणाला फोन करणार नाही."

ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"सर, पूर्वी बाई बाहेर जाताना कुलूप लावायच्या," ती म्हणाली. "एक दिवस विसरल्या, तेव्हा मी तुमच्याकडे आले. तुम्ही परत आणून सोडलंत, तेव्हापासून लावतच नाहीत. म्हणतात, आता कुठे जाणार आहे ती?"

आणि तिनं दार लावून घेतलं.