पिवळ्या अक्षरांखालचा फोटो

त्या हिवाळ्यात मला सगळ्याचाच कंटाळा आला होता. नोएडातल्या ऑफिसचा, ऑफिसातल्या मीटिंगांचा, घरातल्या एअर प्युरिफायरच्या घरघरीचा आणि दिवाळीपासून घशात ठाण मांडून बसलेल्या खवखवीचा. नवरा कंपनीच्या कामामुळे महिन्यातला निम्मा वेळ हैदराबादला असायचा. घरात मी आणि नववीतली लेक. तिलाही माझा कंटाळा आलेला असणार, पण ती बोलून दाखवत नसे.

सकाळी डोळे उघडले की मी आधी फोन बघायची. ऑफिसच्या मेलसाठी नव्हे. नाशिकहून बाबांचा 'शुभ सकाळ'चा मेसेज आलाय का, एवढंच बघायचं असायचं. आई गेल्यापासून बाबा तिथे एकटेच राहतात. दिल्लीला या म्हटलं की "तुमच्याकडे श्वास कुठे घ्यायचा?" असं विचारून ते विषय संपवतात. रोज फोन करून तब्येत विचारलेली त्यांना खपत नाही. "मला काय धाड भरलीय?" म्हणून फोन ठेवून देतात. त्यामुळे तो मेसेज म्हणजे त्यांची हजेरी. तो आला की बाबा उठले, चहा झाला, सगळं ठीक आहे असं समजायचं आणि कुकर लावायला जायचं.

हे मेसेज ते स्वतः बनवायचे. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी कुणीतरी त्यांना फोटोवर अक्षरं लिहायला शिकवलं आणि तेव्हापासून त्यांना दुसरा उद्योग उरला नाही. अक्षरं पिवळीजर्द, त्यांना लाल किनार, खालच्या दोन कोपऱ्यांत दोन गुलाब. डावीकडचा गुलाब कायम उलटा, कारण तो सरळ कसा करायचा हे त्यांना सापडलं नव्हतं. आणि मजकूर नेमका फोटोतल्या माणसांच्या तोंडावर. लेक वैतागून म्हणायची, "आजोबा, फेस तरी सोडा ना यार!" त्यावर ते म्हणायचे, "अगं, वाचता आलं पाहिजे ना?" वाद तिथेच मिटायचा.

मध्यंतरी त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं की हे रोजचे गुलाब आता पुरे झाले. बाबांनी सगळ्यांची माफी मागितली आणि त्या दिवसापासून मेसेजच बंद केले, आम्हालासुद्धा. माझ्या नाकी नऊ आले. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढून फोन करायचा, कधी मेतकूट कसं करायचं, कधी पंचांगात काय आहे. त्यांनाही माझी चलाखी कळायची आणि ते जास्तच तुटक बोलायचे. शेवटी लेकीनेच त्यांना मस्का लावला. "आजोबा, तुमचा मेसेज नसला की माझी स्कूलबस सुटते," असं तिने ठोकून दिलं आणि दुसऱ्या दिवसापासून गुलाब पुन्हा सुरू झाले.

लेकीबद्दल सांगायचं तर अभ्यासात ती जेमतेम आहे. पालकसभेत टीचर "बहुत प्यारी बच्ची है" म्हणून सुरुवात करतात, तेव्हाच मला पुढचं कळतं. एकच गोष्ट ती मनापासून करते, फोटो काढणं. नवऱ्याचा जुना कॅमेरा तिने कधी ताब्यात घेतला ते आम्हाला कळलंही नाही. काढलेला प्रत्येक फोटो आधी नाशिकला जायचा. बाबा तो चष्मा वर-खाली करून बघायचे आणि "अप्रतिम" एवढंच लिहायचे. तेवढ्यावर ती दिवसभर खूश असायची.

शाळेत नोटीस लागली की दिल्ली आणि आसपासच्या शाळांमधल्या मुलांसाठी फोटोंची स्पर्धा आहे, विषय 'मेरे शहर की सुबह'. तिच्या वर्गातली मुलं धुक्यातलं इंडिया गेट आणि यमुनेवरचे पांढरे पक्षी टिपायला आईबापांच्या गाड्यांतून निघाली. मला तिला कुठेही न्यायचं त्राण नव्हतं आणि तिने मागितलंही नाही. ती फक्त आमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊ लागली, बसच्या वेळेआधी, रोज.

गेटच्या बाहेर इस्त्रीवाल्याची टपरी आहे. तो सकाळी कोळशाच्या इस्त्रीत निखारे पेटवतो आणि तिचं झाकण उघडं ठेवतो. घरकामाला येणाऱ्या बायका आत शिरण्याआधी त्या इस्त्रीभोवती उभ्या राहून हात शेकतात. मी तिथून रोज गाडी काढते, पण मला ते कधी दिसलं नव्हतं. लेकीने फोटो काढला तो असा: मागे धुरकट पांढरा पडदा, शालीतल्या चार जणी, त्यातली एक मान मागे टाकून हसतेय आणि निखाऱ्यांवर धरलेले आठ हात आतून दिवा लावल्यासारखे लालसर. मी बघतच राहिले. तिला म्हणाले, "हे तू काढलंस?" तिला प्रश्नाचा राग आला नाही, उलट बरं वाटलं.

फोटो शेवटच्या फेरीसाठी निवडला गेला. निवडलेले सगळे फोटो एका हॉलमध्ये लागणार होते आणि तिथेच नंबर जाहीर होणार होते. लेक आंघोळ करताना गाणं म्हणू लागली. शाळेत तिला पहिल्यांदाच कुणीतरी कशासाठी तरी ओळखत होतं आणि हे सगळं नीट पार पडावं असं मला इतकं वाटत होतं, की माझीच मला भीती वाटायची.

मग एका दुपारी ऑफिसात टीचरचा फोन आला. "मॅम, फोटो नेट से उठाया हुआ है. एक जज के पास पहले से था." मी म्हटलं, शक्यच नाही, मुलीने स्वतः गेटवर उभं राहून काढलाय. त्या म्हणाल्या, आयोजकांना जाऊन भेटा.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकली आणि आम्ही दोघी मेट्रोने निघालो. कस्तुरबा गांधी मार्गाच्या आतल्या बाजूला एका जुन्या इमारतीत आयोजकांचं ऑफिस होतं.  वाटेत लेक कॅमेरा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसली होती.

आयोजक बाई पिकल्या केसांच्या, मऊ बोलणाऱ्या आणि माझ्याइतक्याच दमलेल्या वाटल्या. लेकीने कॅमेऱ्यातला मूळ फोटो दाखवला, त्याच्या आधीचे आणि नंतरचेही दाखवले. बाईंनी ते शांतपणे पाहिले. "हां बेटा, खींचा तो तुमने ही है, इसमें कोई शक नहीं," त्या म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी स्वतःचा फोन आमच्यापुढे सरकवला. "लेकिन यह देखिए. जज साहब को उनकी सोसायटी के ग्रुप में मिला."

तोच फोटो होता. हसणाऱ्या बाईच्या तोंडावरून पिवळ्याजर्द अक्षरांत 'शुभ सकाळ, आपला दिवस आनंदात जावो' आणि खाली दोन गुलाब. डावीकडचा उलटा.

मी कपाळाला हात लावला. आम्हाला बाबा फुलं, सूर्योदय नाहीतर नाशिकच्या ओळखीच्या माणसांचे फोटो पाठवायचे. नातीचे फोटो मात्र ते फिरायच्या मंडळींना पाठवत असणार, कौतुक करून घ्यायला. तिथून तो कुणाच्या तरी मुलीकडे, तिच्याकडून गुडगावला, असा फिरत फिरत नेमका परीक्षकाच्या फोनमध्ये येऊन पडला होता. लेकीनेही गुलाब ओळखला होता. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बाईंनी नियम समजावून सांगितला. स्पर्धेच्या आधी फोटो कुठेही फिरलेला चालत नाही. पण मुलाला न विचारता दुसऱ्याच कुणी तो पुढे पाठवला असेल, तर त्यात मुलाची चूक धरत नाहीत. "आपके पिताजी हैं ना? फोन लगाइए. बस इतना कह दें कि बच्ची से पूछा नहीं था. मैं जज साहब को समझा दूंगी."

एवढं सोपं होतं. मी फोन काढला, बाबांचं नाव शोधलं. तेवढ्यात लेकीने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि बाईंकडे बघून म्हणाली, "पूछा था, मैम. मैंने ही हां बोला था."

बाईंनी स्वतःचा फोन परत जवळ घेतला. मग "अच्छा" म्हणाल्या आणि समोरच्या यादीवर एक रेघ मारली.

जिन्यात मी तिला थांबवलं. "विचारलं होतं त्यांनी?"

"नाही."

"मग?"

"मग ते सॉरी म्हणणार, दहा वेळा. आणि मग बंद करणार. परत." ती पुढच्या पायरीवर उतरली. "चलो ना आई, भूक लागलीय."

मला राग आला. तिचा आला, की हातातोंडाशी आलेलं असं सोडून दिलंस. बाबांचा आला, की कौतुक थोडं आवरता आलं नाही. त्या नियमाचा आला. आणि सगळ्यात जास्त याचा, की चौदा वर्षांच्या मुलीला असा हिशेब करावा लागावा. परतीच्या मेट्रोत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली आणि मला रडू आलं, ते मी मास्कच्या आत निभावून नेलं.

संध्याकाळी स्पर्धेचं काय झालं विचारायला बाबांचा व्हिडिओ कॉल आला. नंबर नाही आला, एवढंच लेकीने सांगितलं.  ते म्हणाले, "त्यांना काय कळतंय फोटोतलं!" आणि कॅमेरा छताकडे ठेवून पाणी प्यायला उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसेज आला नाही. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, दूध आलं, डबा भरून झाला, तरी नाही. त्यांना कुठूनतरी कळलं की काय, असं वाटत होतं, आणि दुसरा विचार मी मनात येऊच देत नव्हते. फोन लावावा की नको, असं करत ओट्यापाशी उभी होते, तेवढ्यात लेक आली. अंगात अर्धा युनिफॉर्म, हातात फोन.

"तुझ्याकडे आला?" तिने विचारलं.

तीही रोज बघत होती, हे मला तेव्हा कळलं. मी मान हलवली. मग आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, एकमेकींकडे न बघता.

बस यायच्या जरा आधी दोन्ही फोन एकदम वाजले. निखाऱ्यांवरच्या हातांचा फोटो. पण फोटो कसला, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पिवळी अक्षरं. 'प्रथम क्रमांक.' खाली, 'माझी नात.' जागा पुरावी म्हणून बरीच खटपट केलेली दिसत होती, त्या नादात या वेळी दोन्ही गुलाब उलटे झाले होते.

लेकीने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला. "एकपण हात दिसत नाहीये," ती म्हणाली.  मग तिने फोन ओट्यावर ठेवला आणि बूट घालायला बसली.

"चलो," ती म्हणाली, "उठले आजोबा."