कोण कोण आलंय

पहिल्या दिवशी मला वाटलं, या माणसाचं खेळाकडे लक्षच नाही.

पनवेलजवळच्या एका गावात भातकापणी झालेल्या शेतात टेनिस बॉलचे सामने होते. ते मोबाइलवर थेट दाखवायला मंडळाने मला कॅमेऱ्यासकट बोलावलं होतं. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा, क्रिकेटला पहिल्यांदाच आलो होतो. मंचावर माझ्या शेजारी माईक घेऊन हसुरामदादा बसले होते. शिरढोणच्या फलंदाजाने चेंडू पार नाल्यापलीकडे भिरकावला, लोक उठून नाचायला लागले, आणि दादा सावकाश सांगत होते, "दाऊदचाचा आलेले हायत. हातात छत्री हाय. चालतायत झकास, काठी नाय घेतलेली. आनि हां मंडळी, सिक्स गेला."

दादांची नोकरी तळोज्याच्या एका कारखान्यात झाली. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून बोलायची सवय तिथलीच, त्यामुळे माईक बिघडला तरी त्यांचं अडत नसे. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशात सुपारीची डबी. खेळाडूचं नाव सांगताना त्याची आत्या कुठे दिली आहे तेही सांगायचे. चेंडू हरवला आणि पोरं सैरभैर झाली की म्हणायचे, "घाई नाय. बॉल काय उरनला गेला नाय." तेवढ्या वेळात कोणाच्या मामाची तब्येत कशी आहे, कोणाचा नवा जावई मंडपात येऊन अवघडून बसलाय, सगळं सांगून व्हायचं.

मंडळाच्या अध्यक्षांना हे पटत नसे. बक्षिसं देणारे लोक येतात, त्यांच्यासमोर शोभत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा ते मंचावर येऊन म्हणाले, "दादा, जरा क्रिकेटचं बोला."

"क्रिकेट या फोटोवाल्यांच्या कॅमेऱ्यात दिसतंय की," दादा म्हणाले. "दिसत नाय ते मी बोलतो. नको असंल तर हा घ्या माईक." माईक त्यांनी खरंच पुढे केला होता. अध्यक्षांनी तो घेतला नाही.

मला नसत्या चौकशा करायची खोड आहे. बाकीच्यांची नावं कधी यायची, कधी नाही. दाऊदचाचांचं मात्र दर सामन्याला, आणि तेही तब्येतीच्या बातमीसकट. चाचांचं पनवेलच्या बाजारात कापडाचं दुकान. क्रिकेट त्यांना कळत नसे. आपला गडी बाद झाला तरी टाळ्या वाजवायचे. मग हा माणूस दुकान नोकरावर टाकून इथे कशाला येतो? दादांना विचारलं तर म्हणाले, "मानूस आला तर आला म्हनायला नको?"

पत्ता लागला तो माझ्याच मोबाइलवर. सामना बघणारे लोक खाली काहीबाही लिहीत असतात. त्यात इम्तियाज नावाचा एकजण कुवेतहून लिहायचा. सुरुवातीला विचारायचा, "आले का?" दादांनी छत्रीचं सांगितलं की लिहायचा, "शुक्रिया दादा," आणि गायब. धावा किती झाल्या, याच्याशी त्याला देणंघेणं नसे.

एका संध्याकाळी दादा वायर गुंडाळत असताना मी त्यांना गाठलंच. तेव्हा ते बोलले. इम्तियाज हा चाचांचा एकुलता एक मुलगा. याच मैदानावर खेळलेला, दादांनीच त्याचं नाव माईकवर पुकारलेलं. त्याने दुकानात बसावं अशी बापाची इच्छा, तो भांडून कुवेतला गेला. पुढे आई वारली तेव्हा त्याला रजा मिळाली नाही, मातीला पोचला नाही. तेव्हापासून चाचा त्याचा फोन घेत नव्हते.

"मग तुम्ही हे करता, ते चाचांना चालतं?"

"तो फोन घेत नाय. माईक काय फोन हाय?"

"पण त्यांना ठाऊक आहे का?"

दादांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "फोटोवाले, सांजच्या मॅचला छत्री कोन आनतो? ऊन हाय? पाऊस हाय? मला गर्दीत दिसावा म्हनून आनतो."

गेल्या पावसाळ्यात हसुरामदादा झोपेतच गेले. मला फार वाईट वाटलं. खरं तर आमचं नातं शेजारच्या खुर्चीचं. तरी दुकानात लग्नांचे व्हिडिओ जुळवताना मी अधूनमधून जुने सामने लावत बसायचो, त्यांचा आवाज ऐकायला.

भातकापणी झाली आणि या हंगामातला पहिला सामना सुरू झाला. माईकवर ठाण्याचा एक तरुण होता. आवाज गोड, बोलणं घोटीव, एकही चेंडू सुटू देत नव्हता. मोबाइलवर अक्षरं उमटली, "आले का?" त्या तरुणाला याचं काय माहीत? थोड्या वेळाने पुन्हा उमटली. चाचा आले होते. मंडपाच्या कडेला छत्री उघडून उभे होते. आपणच उत्तर लिहावं म्हणून मी मोबाइल हातात घेतला, तर चाचा गर्दीतून वाट काढत मंचाच्या पायऱ्या चढताना दिसले.

"जरा देता?" त्यांनी माईककडे बोट केलं. दादांना श्रद्धांजली वाहायची असेल, असं समजून तरुणाने माईक दिला. चाचांनी आधी छत्री मिटली. माईक कुठे धरायचा ते त्यांना कळेना, म्हणून मी तो तोंडाशी नीट धरून दिला.

"हसुराम गेला," ते म्हणाले. खेळाडूसुद्धा थांबून बघायला लागले.

"मी दाऊद. आलो हाय. तबियत बरी हाय." मग ते माझ्या कॅमेऱ्याकडे वळले. "इम्तियाज, आता हितं सांगायला कोन नाय. तू फोन कर. मी घेईन."

माईक देऊन ते खाली उतरले. सामना पुन्हा सुरू झाला, पण माझा कॅमेरा त्यांच्या मागोमाग फिरत राहिला. त्या ओव्हरमध्ये पुढे काय झालं, ते आमच्या रेकॉर्डिंगमध्ये नाही.