ट्वीटरची धार

आयुष्य वाळूजच्या कारखान्यात, पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपला काढलं आणि निवृत्तीनंतर स्पीकर बनवायचा नाद लागला. गारखेड्यातल्या आमच्या बैठकीत मी प्लायवूडची दोन उभी खोकी करून ठेवली. खाली जाड आवाजाचा मोठा वूफर, वर बारीक आवाजाचा बारका ट्वीटर. आधी ती कोपऱ्यात भिंतीला चिकटून होती, तेव्हा डग्गा हंड्यात वाजवल्यासारखा घुमायचा. हातभर पुढं ओढली, आत कापूस भरला, तसा तो ताळ्यावर आला.

वरचा आवाज मात्र मला कमीच वाटायचा, गोधडीआडून आल्यासारखा. ट्वीटरला थोडं दाबून ठेवायला मध्ये एक रेझिस्टर असतो. तो मी काढून टाकला. तरी भागेना, म्हणून सतरंजी आणि जाड पडदेही काढले. उघड्या फरशीवरून, भिंतींवरून आवाज परतून उजळ येईल, असा हिशोब.

बायको रोज संध्याकाळी सोबत ऐकायला बसायची. ‘‘कसंय?’’ विचारलं की म्हणायची, ‘‘छान.’’

एका रविवारी गावाकडून थोरली बहीण आली होती. शेजारचे निवृत्त उर्दू मास्तरही आले. मी लावणी लावली. बहिणीनं लगेच कानांवर पदर दाबला.

‘‘बंद कर बाबा ते. कानात सुया टोचायल्यात.’’

‘‘अक्का, तुला सवय नाय,’’ मी हसून म्हणालो.

मास्तर हळूच म्हणाले, ‘‘भाईसाब, बुरा मत मानो. ते मागं घुंगरू वाजतात ना, ते तर ऐकवत नाहीत.’’

‘‘घुंगरू? यात घुंगरू कुठायत?’’

मी पुन्हा लावलं, वाकून ट्वीटरला कान लावला. घुंगरू नव्हते. मागं वळलो, तर बहीण माझ्याकडं बघत होती आणि बायको फरशीकडं. कानशिलं तापली. लावणी संपेपर्यंत मी तसाच वाकून राहिलो, कारण उठून त्यांच्यासमोर बसायचं धाडस होईना.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ‘‘वरच्या पट्टीतले आवाज तुम्हाला जवळजवळ येतच नाहीत. कारखान्यातल्या गोंगाटानं झालंय हे. परत येणार नाही.’’

घरी आल्यावर मी बायकोला विचारलं, ‘‘तुला टोचत नव्हतं?’’

‘‘कानात कापूस घालून बसायचे. पदराखाली दिसायचा नाय.’’

‘‘मग बोलायचं तर.’’

‘‘काय बोलणार? तुम्हाला कमी येतंय, हे कवाच ठाऊक होतं मला. कुकरची शिट्टीसुद्धा तुम्हाला मीच सांगत होते. उगं मन कशाला मोडायचं?’’

रागावली असती तर बरं वाटलं असतं. मी स्वतःला मोठा कानसेन समजत होतो, आणि ही शेजारी बसून माझं बहिरेपण झाकत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही सतरंजी अंथरली, पडदे लावले. ती समोर खुर्चीवर बसली. मी खोक्यामागं बसून एकेक रेझिस्टर लावून बघत होतो आणि ती ‘अजून’, ‘आता लई दबलं’ म्हणत होती. तिला बरं वाटलं तिथं थांबलो. मला सगळं पार मंद झालं होतं.

पुढच्या खेपेला मास्तर आले तेव्हा माझ्याकडं वाकून, जरा मोठ्यानं बोलू लागले. ते फार लागलं. गाणं ऐकून म्हणाले, ‘‘वा, आता काय सुरेख जमवलंत!’’

‘‘हिनं जमवलंय,’’ मी म्हणालो.

त्यांना तो विनय वाटला. ते हसले. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेलो आणि बराच वेळ ओट्याशी उभा राहिलो.