सूक्ष्मदर्शकाची पूजा

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या माध्यमिक शाळेत विज्ञान मी शिकवतो आणि वार्षिक अहवालही मीच लिहितो. म्हणजे कल्पनाशक्तीची सगळी कामं माझ्याचकडं.

शाळेला सूक्ष्मदर्शक एकच. "लेकरं फोडतील," म्हणून मुख्याध्यापक तो कपाटात कुलपात ठेवतात. बाहेर निघतो तो फक्त खंडेनवमीला. हळदकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, की परत कपाटात.

यंदा तपासणीला साहेब आले म्हणून तो वर्गात आणला. आठवीतल्या एका पोरीनं डोळा लावला नि म्हणाली, "सर, समदं लालच दिसून राहिलं!" मी खालच्या भिंगाला बोट टेकवलं. बोटाला कुंकू लागलं. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी साहेबांना सांगूनही टाकलं, "रक्तपेशी आहेत, साहेब." साहेबांनी वाकून बघितलं आणि शाबासकी दिली.

स्नेहसंमेलनात मी अहवाल वाचला. यंदाचं ठळक यश : विद्यार्थ्यांकडून रक्तपेशींचे निरीक्षण. पुढची योजना : दुसरा सूक्ष्मदर्शक. मंडप टाळ्यांनी दणाणला. पहिल्या रांगेतली ती पोरगी तेवढी टाळ्या न वाजवता माझ्या बोटाकडं बघून राहिली होती.