गोटीच्या पाठीवरचे डाग

मावशी गोटीचा ओला फ्रॉक डोक्यावरून ओढत होती, तेवढ्यात नव्या बाई मोरीत डोकावल्या आणि दारातच थिजल्या.

"हिला मारलंय कुणी?"

गोटीच्या कमरेवर निळेकाळे डाग. चांगले तळहाताएवढे.

"मारलं नाही हो. जन्मापासूनचे आहेत," मावशी म्हणाली. "डोंगराकडच्या पोरांना असतात. मोठी झाली की जातात."

"एवढे मोठे?" बाईंनी फोन लावलासुद्धा.

माझी मावशी त्या प्राथमिक शाळेत आया. बावीस वर्षं. डोंगराकडची, बोटीवरची, वाळवंटातून आलेली, इथली पोरं, सगळ्या जातीच्या केसांतून तिचा कंगवा फिरलाय. 'शी आली' हे सहा भाषांत तिला कळायचं. मोठ्या बाईंना एकाही भाषेत नाही. मी नववीत शाळा सोडलेली, मला शाळेच्या फाटकाचाही राग यायचा. त्या दिवशी फक्त तिचा चष्मा द्यायला गेले होते.

तासाभरात बालरक्षण खात्याची गाडी आली. मॅडम, ड्रायव्हर, फाईल. चौकशी होईपर्यंत गोटी बालगृहात राहणार म्हणे. गोटीच्या बापाला दगडखाणीवरून बोलावलं. आला तो धुळीने पांढरा. त्याला आपली भाषा येत होती चार शब्द.

"मारत नाही," तो म्हणाला. परत तेच. "मारत नाही."

सगळे त्याच्या हातांकडे बघत होते. खाणीत काम करणाऱ्याचे हात असतात तसे होते, पण त्या खोलीत ते वाईट दिसत होते.

गोटीने मावशीचा एप्रन मुठीत धरलेला. मॅडम एकेक बोट सोडवायला लागल्या.

"डॉक्टरांना तरी दाखवा आधी," मावशी म्हणाली.

"डॉक्टर सोमवारी येतात. आणि तू आया आहेस, तेवढंच बघ," मोठ्या बाई म्हणाल्या.

माझं डोकं सटकलं. मी तोंड उघडणार, तोच मावशीने माझ्या दंडाला करकचून चिमटा काढला. "भांडतेस काय? पळ. खाणीमागच्या खोल्यांत जा. तान्ही पोरं असतील तेवढी त्यांच्या आयांसकट घेऊन ये."

पळाले. चप्पल तुटली, फेकून दिली. त्या बायकांना काय सांगू कळेना, मग नुसती ओरडत सुटले, "शाळेतली मावशी! मावशी!" चौघी पोरं काखोटीला मारून निघाल्या. का म्हणून एकीनेही विचारलं नाही.

परतले तेव्हा गाडी चालू होती आणि मावशी तिच्या पुढ्यात उभी. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, ही ढिम्म.

ऑफिसच्या टेबलावर चारही पोरं उघडी केली. चौघांच्याही ढुंगणावर, कमरेवर तेच निळं.

मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे... यांनाही?"

मला वाटलं, झालं, आता पाचही पोरं नेतात.

"हो ना," मावशी म्हणाली. "वस्तीने मीटिंग घेतली असेल. मारायचं तर सगळ्यांनी एकाच जागी मारायचं. ही बघा, एकवीस दिवसांची. हिने काय केलं असेल? उलट बोलली असेल आईला?"

कुणी हसलं नाही. एका पोराने फाईलवर मुतलं, तरी नाही. मॅडमनी एका डागावर बोट दाबलं. पोरगं त्यांच्याकडे बघून जांभई देत होतं. मग त्यांनी खात्याच्या डॉक्टरांना फोन लावला, फोटो पाठवले. पाच मिनिटं गेली असतील. बाप भिंतीला टेकून उभा.

फोन वाजला. मॅडम दोनदा "अच्छा" म्हणाल्या आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "गाडी बंद कर."

बाप तिथेच खाली बसला.

"मला काय माहीत," नव्या बाई म्हणाल्या.

"कुणालाच नसतं सुरुवातीला," मावशी म्हणाली आणि गोटीला कोरडा फ्रॉक घालायला घेऊन गेली. मला तिचा भयंकर राग आला. एवढं सोपं सोडतात का?

मावशी निवृत्त झाली त्यानंतर शाळेच्या जुन्या शिपायाने मला सांगितलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका डोंगराकडच्या पोराची पाठ हेडमास्तरांना दाखवली होती, ती मावशीनेच. त्या पोराला गाडीतून नेलं. सात महिन्यांनी परत आणलं, तेव्हा त्याला आईची भाषा कळत नव्हती.