गच्चीवरचा दिवा आणि रावकाका

परमुलखात चार मराठी माणसं जमली की आधी डबे उघडतात, मग तोंडं! मद्रासजवळच्या आवडी गावात, आमच्या फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये दर रविवारी हेच चालायचं. किस्से साचत गेले, आणि त्यातले निम्मे एकाच माणसाचे. रावकाका! तंजावरचे मराठी, फॅक्टरीच्या सिक्युरिटीतून रिटायर झालेले.

*

नवा आलेला देशमुख एकदा म्हणाला, "नाश्ता? घरीच झाला, बायकोनं पोहे केले होते."

"खोटं!" रावकाका म्हणाले. "बायको माहेरी गेलीय तुझी."

देशमुख उडालाच. "तुम्हाला कसं कळलं?"

"शर्टाची इस्त्री पुढूनच केलीयस रे!"

*

क्वार्टर्सच्या मागे एक जुनी शेड होती. खिडक्यांच्या काचा काळ्याकुट्ट. आत भूत आहे म्हणून कुणी फिरकत नसे. रावकाका सरळ आत गेले आणि काच नखानं खरवडली.

"आतून रंग लावलाय. महायुद्धातला ब्लॅकआउट! जपानी विमानांना उजेड दिसू नये म्हणून. भुताला कसली आलीय विमानांची भीती?"

पुढच्या रविवारी आम्ही तिथेच डबे उघडले.

*

सुंदराक्का ही रावकाकांची लांबची बहीण, सत्तरीची. मैलापूरला समुद्राच्या बाजूला तिचं माहेरचं घर होतं. ते पाडून फ्लॅट्स होणार होते. याच घराच्या गच्चीवर ऐन ब्लॅकआउटमध्ये दिवा दिसला, म्हणून पोलिसांनी तिच्या वडिलांना धरलं होतं. शत्रूला खुणा करतो म्हणे! पुरावा नव्हता म्हणून सुटले, पण नोकरी गेली आणि फितूर हे नाव चिकटलं. मरेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

"घर पडायच्या आत सांग, तुळजा," ती रावकाकांना नावानं हाक मारत म्हणाली. "अप्पा फितूर होते का? हे कळल्याशिवाय मला सुखानं मरता यायचं नाही."

रावकाका गच्चीवर गेले, मागोमाग आम्ही. समुद्राकडच्या भिंतीला उंचावर एक गंजलेली लोखंडी कप्पी होती. रावकाकांनी मान वर करून ती न्याहाळली.

"दिवाळीच्या सुमाराला धरलं ना अप्पांना?"

"हो. कार्तिकात."

"तुझे काका तेव्हा ब्रह्मदेशात बेपत्ता होते. काकूनं कुंकू कधी पुसलं?"

"पुसलंच नाही. येतील म्हणून वाट पाहत गेली."

रावकाका कठड्यावर टेकले.

"खुणा करणारा कंदील हातात धरतो, अक्का. कप्पीनं चढवतात तो आकाशदिवा. आपल्या घराण्यात कुणी गेलं, की त्या वर्षीच्या कार्तिकात लावतात तो. काका गेल्याचं तुझ्या आजीला कळलं होतं. सुनेला कळू नये म्हणून तिनं दिवा अंगणातून दिसणार नाही असा मागच्या बाजूला चढवला. अप्पांनी पोलिसांना खरं सांगितलं असतं, तर काकूचं कुंकू गेलं असतं."

भावजयीच्या कुंकवासाठी माणसानं जन्मभर फितूर म्हणवून घेतलं! आणि एवढ्याशा कप्पीवरून हे ओळखणारा माणूस आमच्यात बसून शिळ्या चपात्या खायचा! मी तिथेच त्यांच्या पाया पडलो.

सुंदराक्का कप्पीकडेच बघत होती.

"तुळजा, देवाच्या वाती रोज काकू वळायची. त्या कार्तिकात एक मोठी वात ती वेगळी वळून आजीच्या हातात ठेवायची. म्हणायची, 'ही वरच्या दिव्यासाठी.'"