एका बाहीचा निळा कोट

“उसवता येतं, काळजी करू नका,” असं मास्तर प्रत्येकाला सांगायचे. सदरा खांद्यात आवळो, पँट कमरेत दाटो, गिऱ्हाईक रडकुंडीला येऊन दुकानात शिरायचं आणि हे ऐकून हसत बाहेर पडायचं. गल्लीनं त्यांचं नावच उसवे मास्तर पाडलं होतं. नवं ते आता शिवतच नसत. शिवणारे पैशाला पासरी. कापडाला न दुखवता टाका सोडवणारा हात लाखात एखादा.

जुना कपडा उसवला की शिवणीत दुमडलेली पट्टी उघडी पडे. बाहेरचं कापड उन्हानं विटलेलं, पट्टी मात्र पहिल्या दिवसासारखी गडद. ती पाहताना मास्तर हरवून जात. दिवस संपत नाहीत, आत दुमडले जातात, असं त्यांना वाटे. मग दुमड सोडवून माणसाला मागे का जाता येऊ नये?

यंत्रामागच्या खुंटीवर एका बाहीचा निळा कोट होता. एकतीस वर्षांपूर्वी थोरल्या भावासाठी शिवायला घेतलेला. दुसरी बाही लावायची आणि दोरा संपला. “मी हातातलं काम सोडून कुठे जाऊ? तूच आण,” मास्तर म्हणाले. थोरला शीळ घालत गेला. चौकात ट्रकनं त्याला उडवलं. चार दिवस दवाखान्यात काढून तो गेला. बाही तशीच राहिली. ती जोडली नाही तोवर तो दिवस मिटणार नाही, कधीतरी आपण त्यात शिरू आणि म्हणू, दादा, थांब, मी जातो. मास्तरांनी हे मनाशी घट्ट धरलं होतं.

एका दुपारी त्यांनी ते मुलीला सांगितलं. ती शाळेत विज्ञान शिकवायची.

“पुढच्या काळात जाणं तरी हिशेबात बसतं, बाबा. मागे जाणं अजून कुणाला जमलेलं नाही.”

“जमलं असं धर.”

“बरं. काका वाचला. मग तुम्ही एकतीस वर्षं हळहळणार कशाला? आणि हळहळलाच नाहीत तर मागे जाणार कशाला?”

“नाही गेलो तर...”

“तर काका दोरा आणायला निघाला. बसा गोल गोल फिरत!”

मास्तर हसले. “तुझं विज्ञान म्हणजे नुसता गुंता गं.”

“अजून पुढे आहे. काका दवाखान्यात गेलाच नाही, तर तिथल्या नर्सबाई तुम्हाला भेटणार कशा? आई नाही, म्हणजे मीही नाही. मग आत्ता तुमचं डोकं कोण खातंय?”

मागच्या दारात आई उभी होती. जेवून परत ड्यूटीवर निघालेली, अंगावर पांढरा गणवेश. तिनं सगळं ऐकलं होतं.

“म्हणजे त्या कोटापुढे बसून इतकी वर्षं तुम्ही मलाच उसवत होता.”

“अगं, तसं नाही...”

“जा हो, खुशाल जा. जाताना तेवढं दूध झाकून जा.”

ती हसली नाही. चपला घालून निघून गेली.

मास्तरांनी दूध झाकलं. मग कोट मांडीवर घेतला आणि बाहीच्या रिकाम्या जागेतून आत पाहिलं. आत खोल, गडद निळं होतं. तिथे थोरला उंबऱ्यात उभा राहून चपला पायात सारत होता. हाक मारली असती तर वळला असता. त्याच्या पलीकडे दवाखान्याचा लांब व्हरांडा होता आणि पांढऱ्या कपड्यांतली एक मुलगी विचारत होती, “तुम्ही काही खाल्लंय का?” हाक ओठांवर आली. मास्तरांनी ओठ मिटून घेतले.

“निळा दोरा आहे का गं घरात?” त्या दिवसापासून दुकानात त्यांनी निळं रीळ ठेवलंच नव्हतं.

मुलीनं आईच्या सुईदोऱ्याच्या डब्यातून रीळ आणून दिलं. बाही जोडायला तासभर लागला. शेवटची गाठ मारून मास्तरांनी दोरा तोडला आणि भावासाठी पोटभर रडले.

सहाच्या सुमाराला त्यांनी तोंड धुतलं, कोट अंगात घातला. खांद्यांत चांगलाच सैल होता.

“आईची ड्यूटी सुटेल. घेऊन येतो.”

“मागच्या गल्लीनं?” मुलीनं विचारलं. अपघातानंतर चौकात त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं.

“नको. चौकातून जवळ पडतं.”

मुलगी पायरीवर उभी राहून पाहत होती. चौकाशी ते थबकले. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि रस्ता ओलांडून दवाखान्याच्या दिशेनं चालू लागले.